शिवेपलीकडचे पालक

“गुर्जी, आमी गेल्यावानी दिसतोय का तिकडून?”

ओढ्याच्या पलीकडून प्रयागने विचारलं. ती तीन दगडांच्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिच्या मागे अख्ख्या ऊसतोड टोळीचं बिऱ्हाड पसरलं होतं. पत्र्याच्या पेट्या, गोधड्यांची गाठोडी, पाण्याचे ड्रम, खोपीसाठी बांधून घेतलेले बांबू आणि चटया, आणि एका पोत्यात गुंडाळलेले कोयते. मी ओढ्याच्या अलीकडे, म्हणजे आमच्या गावात उभा होतो. ओढा कोरडा होता, आणि इतका अरुंद की तिच्या चुलीचा धूर माझ्या डोळ्यांत जात होता.

“दिसताय,” मी म्हणालो. “पण जरा मागे सरका. साहेब चष्मा लावतात.”

तिने हसत हसत परात उचलली आणि चार पावलं मागे जाऊन पुन्हा मांडी घातली.

आमचं गाव बीडकडच्या डोंगरात आहे. दिवाळी झाली की तिथली निम्मी माणसं ऊस तोडायला लांबच्या कारखान्यांवर जातात आणि उन्हं तापायला लागली की परततात. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. अपूर्णांक मी नेहमी दिवाळीआधी शिकवून घ्यायचो, कारण दिवाळीनंतर वर्गच अर्धा उरायचा. मोठ्यांबरोबर पोरंही जायची. लहान असली तर झोळीत, जरा मोठी असली तर झोळीतल्याला सांभाळायला, आणि त्याहून मोठी झाली की मोळ्या बांधायला.

यावर सरकारने एक चांगली योजना काढली होती. आजही मी तिला नावं ठेवत नाही. जी मुलं मागे राहतील त्यांना शाळेत दोन वेळचं जेवण, झोपायला वर्गखोली आणि देखरेखीला एक बाई. त्याला हंगामी वसतिगृह म्हणत. अट एकच होती. ज्या मुलांचे पालक स्थलांतरित झाले आहेत, त्यांची प्रत्यक्ष गावात येऊन मोजणी व्हायला हवी. मोजणी झाली की मंजुरी.

आदल्या वर्षी मी विस्तार अधिकारी काथवटे साहेबांना दिवाळीआधीच बोलावलं होतं. ते आले, ओसरी-ओसरीवर बसलेले आईबाप त्यांनी पाहिले आणि मला बाजूला घेऊन समजावलं की पालक डोळ्यांसमोर बसलेले असताना त्यांना गेलेले कसं म्हणणार. मग टोळ्या गेल्यावर मी त्यांना पुन्हा बोलावलं. ते पुन्हा आले. या वेळी पालक नव्हते, पण मुलंही नव्हती. जेवणाची सोय नाही म्हटल्यावर आईबापांनी त्यांना बरोबर नेलं होतं. साहेबांनी रिकामा वर्ग पाहिला, समाधानाने मान हलवली आणि शेरा लिहिला की या गावात वसतिगृहाची गरज आढळली नाही.

माणूस वाईट नव्हता. त्यांच्याशी बोलताना मला कधी राग यायचा नाही. पाढा चुकणाऱ्या मुलाला समजावताना जसं वाटतं तसं वाटायचं. फक्त हा मुलगा माझ्या वर्गात नव्हता, मीच त्याच्या वर्गात होतो.

त्या वर्षी मात्र मला थांबायला सवड नव्हती, आणि त्याचं कारण प्रयागची मुलगी अयोध्या. ती चौथीत होती. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवावी अशी आमच्या शाळेत कित्येक वर्षांत पहिलीच. गणित तिला शिकवावं लागत नसे, नुसतं दाखवावं लागे. आजवर आईबाप कारखान्यावर गेले की ती आजीजवळ राहायची. ती आजी उन्हाळ्यात वारली, आणि पावसाळ्यात अयोध्येला भाऊ झाला. तो आता कडेवर बसायला लागला होता. प्रयाग आणि तिचा नवरा अंकुश, दोघं मिळून टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात एक कोयता. त्या कोयत्याला पोर सांभाळत ऊस तोडता येत नाही. शाळेत सोय झाली तर अयोध्या राहणार, नाही झाली तर भावाला कडेवर घेऊन उसाच्या फडात जाणार, हे अंकुशने मला स्वच्छ सांगितलं होतं. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण एकदा फडावर गेलेली मुलगी पुन्हा त्याच वर्गात येऊन बसल्याचं मी क्वचितच पाहिलं होतं.

मी दिवाळीच्या तोंडावर शाळेत आईबापांची सभा घेतली आणि सगळा पेच फळ्यावर काढून दाखवला. तुम्ही असलात तर मोजणी होत नाही, तुम्ही गेलात तर मोजायला कोणी राहत नाही. मागून प्रयाग म्हणाली, “मग आमी आधी जातो.”

“म्हणजे?”

“शिवंपलीकडं जाऊन बसतो. तुमी सायबाला बोलवा, पोरं दावा. मोजणी झाली की मग आमी खरं जातो.”

इतकं सोपं उत्तर मला सुचलं नव्हतं. सभेत हशा पिकला आणि तो ओसरायच्या आत सगळ्यांना पटलंही. पटलं नाही ते फक्त भानुदास आबांना. आबा टोळीतले सर्वांत जुने. जाताना शिवेवर नारळ ते फोडायचे. नारळ फुटला की टोळी गेली, मग कुणी मागे फिरायचं नाही, मागे वळून पाहायचंही नाही, अशी आमच्याकडची रीत. एका साली कुणीतरी विसरलेला तवा आणायला माघारी आला आणि त्याच हंगामात उसाची गाडी उलटली, ही गोष्ट गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं.

आबांचं म्हणणं असं की खोटं जायचं असेल तर नारळ फोडता येणार नाही, देवाची चेष्टा होते. आणि नारळ न फोडता टोळी शीव ओलांडत नाही. म्हणजे जायचं तर खरंच जायचं. रात्री घरी येऊन झोपायचं नाही, शेरडं बघायला यायचं नाही, काही नाही. मुकादमाचा ट्रक येईपर्यंत पलीकडेच राहायचं.

“अन् पोरं?” प्रयागने विचारलं.

“पोरांचा नारळ नसतो,” आबा म्हणाले. “ती कुठंबी फिरू द्या.”

दिवाळी झाल्यावरचा एक दिवस नारळासाठी ठरला, आणि काथवटे साहेबांनी त्याच्या दुसऱ्याच दिवशी येतो असा निरोप दिला. म्हणून सगळ्यांनी ते मान्य केलं. नारळ फुटला, गुलाल उडाला, बायका रडल्या. त्या खऱ्याच रडल्या, कारण रडण्याचीही रीत होती. आणि ओढा ओलांडून लगेच पलीकडच्या काठावर टोळीने बिऱ्हाड टाकलं.

साहेब दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यांची बैठक निघाली होती. तिसऱ्या दिवशी कुणा मोठ्या माणसाचा दौरा लागला. मग जीप दुरुस्तीला गेली. मी रोज सायकलवर बाजाराच्या गावी जाऊन फोन करायचो, ते रोज उद्या म्हणायचे, आणि गेलेले लोक ओढ्यापलीकडे बसून आपल्या घरांच्या कौलांकडे बघायचे.

एखादी बाई मुक्कामाच्या जागेवरून ओरडून शेजारणीला सांगे की माझी कोंबडी उकिरड्यामागं अंडी घालते, ती काढून ठेव. कुणाचं वासरू सुटलं की पलीकडून सगळ्या टोळीचा गलका व्हायचा आणि अलीकडचे म्हातारे त्या गलक्याच्या दिशेने पळायचे. पोरं दिवसभर पाण्याच्या कळशा नेत आणि आईच्या हातचं खाऊन परत येत. ओढ्यापलीकडची जमीन शेजारच्या गावची. तिथले ग्रामसेवक एकदा येऊन काळजीने विचारून गेले की ही मंडळी आमच्या गावात स्थलांतर करून आली आहेत काय, कारण तसं असेल तर त्यांना काही कागद रंगवावे लागणार होते. मी त्यांना सांगितलं की ही मंडळी आमच्या गावातून गेली आहेत, पण तुमच्या गावात आलेली नाहीत. त्यांना एवढं हायसं वाटलं की त्यांनी मला चहाला बोलावलं.

शेवटी मुकादमाचा निरोप आला. ट्रक उद्या दुपारी येणार, आणि तो थांबणार नाही. त्या संध्याकाळी अंकुशने ओढ्याच्या काठावर येऊन अयोध्येचं दप्तर माझ्या हातात दिलं. ते शाळेत ठेवा म्हणाला. साहेब आले तर बरंच झालं, नाही आले तर ते दुसऱ्या कुणाच्या कामी येईल.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीपची धूळ दिसली. तेव्हाच प्रयागने मला विचारलं, गेल्यासारखे दिसतोय का म्हणून.

काथवटे साहेब उतरले, त्यांनी ओढ्यापलीकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

“गुरुजी, ते कोण?”

“ते पालक, साहेब. गेले.”

“कुठे?”

“गावाबाहेर. शीव इथे संपते.”

साहेबांनी खाली वाकून ओढा पाहिला, बरोबरच्या शिपायाला नकाशा काढायला लावला आणि त्यात ओढा सापडल्यावर त्यांचा चेहरा उजळला. नियमात गाव सोडल्याचं म्हटलं होतं. किती लांब जायचं ते म्हटलं नव्हतं. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “गेलेले आहेत.” आणि त्यानंतर त्यांनी ओढ्यापलीकडच्या माणसांकडे एकदाही पाहिलं नाही. पलीकडून राम राम झाला, तोही त्यांनी घेतला नाही.

मोजणीआधी भोजनाची व्यवस्था पाहायची होती. ओढ्याकाठच्या आमच्या शाळेत अजून धान्य यायचं होतं, मंजुरीनंतर येणार होतं. मी पोरांकडे पाहिलं आणि पोरं पळाली. थोड्या वेळात पलीकडून ताज्या बाजरीच्या भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याचा ठेचा आला. साहेबांनी व्हरांड्यात बसून व्यवस्था पाहिली. दोनदा पाहिली. ठेच्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“छान आहे हो. कोणी केलं?”

“इथे कोणी नाही, साहेब,” मी म्हणालो.

“हो, हो,” ते घाईने म्हणाले आणि तिसरी भाकरी मोडली.

मग पोरांना अंगणात रांगेत बसवलं. मी अयोध्येला पहिलं बसवलं होतं. साहेबांनी कागद काढला, चष्मा पुसला, आणि नेमका तेव्हाच पलीकडे तिचा भाऊ रडायला लागला. प्रयागचे दोन्ही हात पिठात होते. भाकरी अजून संपल्या नव्हत्या, शिपाई जेवायचा होता. पोरगं आधी कुरकुरलं, मग त्याने टाहो फोडला. साहेब रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून मोजत निघाले. ते अयोध्येपर्यंत पोचले तेव्हा तिची जागा रिकामी होती.

“अयोध्या अंकुश,” साहेबांनी वाचलं.

ती ओढ्यापलीकडे होती. भावाला कडेवर घेऊन, त्याला झाडावरचा पक्षी दाखवत.

मी हाक मारणार तोच साहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“थांबा गुरुजी. ती पलीकडे आहे.”

“आता येईल ना.”

“आली तर परत आली असं होईल. पालकांबरोबर गेलेली आणि परत आलेली. त्यांच्यासाठी वेगळा रकाना आहे.”

“मग त्यात लिहा.”

“तो एप्रिलमध्ये भरायचा असतो.”

मी आयुष्यभर मुलांवर आवाज चढवला नाही, त्या दिवशी साहेबांवर चढणार होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं. मी म्हणालो की तिच्या आईला विचारा, आई समोर आहे, ती सांगेल मुलगी राहणार आहे म्हणून. साहेब माझ्या कानाशी आले.

“आईला विचारलं तर आई इथे आहे असं होईल, गुरुजी. मग ही एकच नाही, सगळीच नावं खोडावी लागतील.”

प्रयागला पलीकडून काहीतरी बिघडल्याचं कळलं होतं. ती पिठाचे हात तसेच धरून ओढ्याच्या काठापर्यंत आली आणि तिथे थांबली. तिला अलीकडे येता येत नव्हतं, आबांचा नारळ फुटला होता. साहेबांना पलीकडे पाहता येत नव्हतं. आणि आपलं नाव ऐकून भावासकट कोरड्या ओढ्यात उतरलेली अयोध्या, पुढचं पाऊल टाकावं की नाही ते न कळून, मध्येच उभी होती.

तेवढ्यात ट्रकचा भोंगा वाजला.

मुकादमाचं नाव मुरलीधर सांगळे. तो लांबच्या गावचा, त्यामुळे आमच्या गावात असणं किंवा नसणं त्याला लागू नव्हतं. त्याच्याशी बोलायला हरकत नाही, हे साहेबांच्याही लगेच लक्षात आलं. त्यांनी त्याला बोलावलं. त्याने जीप पाहिली, हातातला कागद पाहिला, आणि ज्याचं सगळं काम तोंडी चालतं त्या माणसाला सरकारी कागद पाहून जसा घाम येतो तसा त्याला आला.

साहेबांनी ओढ्यातल्या अयोध्येकडे बोट केलं. “ही मुलगी तुमच्या टोळीत आहे का?”

मुकादमाने तिची उंची पाहिली, वय ताडलं, आणि बालमजुरी हा शब्द त्याच्या डोळ्यांपुढून गेलेला मला स्पष्ट दिसला. दरवर्षी त्याच्या ट्रकमध्ये अशी वीस-पंचवीस पोरं चढायची.

“न्हाई सायेब,” तो म्हणाला. “माझ्या टोळीत पोर म्हणून एकबी न्हाई. मी कोयते मोजतो. पोरं मोजतच न्हाई.”

“मग ही कोण?”

“मला काय ठावं. गावची असंल.”

मी पुढे झालो. शाळेत मूल अर्ध्या उत्तरापर्यंत आलं की त्याला हळूच ढकलावं लागतं, तेवढंच केलं. “साहेब, टोळी गेली. ही टोळीत नाही. मग ही गेली का?”

काथवटे साहेब विचार करू लागले. त्यांचे ओठ हलत होते. मी वाट पाहिली. मला सवय होती.

“नाही गेली,” ते शेवटी म्हणाले. “आणि हिचे पालक गेलेले आहेत. म्हणजे ही पात्र आहे.” त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला त्यांच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. त्यांनी नाव लिहिलं. मग चष्म्यावरून पाहत पेनाने खूण केली. “कडेवरचं?”

“तिचा भाऊ.”

“सहा वर्षांखालचं आमच्याकडे येत नाही. ते दुसरं खातं.”

“त्यांचे साहेब कधी येतात?”

“त्यांची गाडी नाही,” साहेब म्हणाले.

अयोध्या ओढ्याच्या पलीकडच्या काठाशी गेली. प्रयागने हात पदराला पुसले आणि पोराला घ्यायला वाकली. त्याने ताईच्या झग्याची कॉलर मुठीत धरली होती. प्रयागने त्याची बोटं एकेक करून सोडवली. ती बोलली एवढंच, “जा. सायेब जेवलं न्हवं, आता मोजंल.” अयोध्या ओढा ओलांडून आली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

ट्रक भरायला वेळ लागला नाही, सामान आधीच बाहेर होतं. आबा पुढे बसले. बायका मागे पेट्यांवर चढल्या. गाव सोडून त्यांना आठवडा झाला होता, तरी खरं जाणं तेव्हाच झालं. ट्रक वळणावर गेला, पोरांनी हात हलवले, आणि मागे वळून पाहायचं नाही ही रीत असल्यामुळे कोणी पाहिलं नाही. पोराचं रडणं तेवढं वळणापलीकडूनही काही वेळ ऐकू येत होतं.

वसतिगृह चाललं. धान्य उशिरा आलं, पण आलं. महिन्याभराने तालुक्याहून एक परिपत्रकही आलं. आमच्या गावातील पालकांनी मोजणीपूर्वी वेळेत स्थलांतर करून प्रशासनाला मोलाचं सहकार्य केल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं होतं. पुढील वर्षापासून तालुक्यातील सर्व गावांतील पालकांनी याचा आदर्श घेऊन किमान एक आठवडा आधी निघावं, अशी सूचना होती. ते मी वर्गाच्या भिंतीवर लावलं. अभिनंदन ज्यांचं होतं ते वाचायला इथे नव्हते, म्हणून मुलांनी वाचलं.

मग मी अयोध्येला फळ्यावर बोलावलं आणि अपूर्णांकांची बेरीज घातली. तिने खडू घेतला. ती कंबर डावीकडे काढून उभी होती आणि तिचा डावा हात कोपरात वळून छातीशी आला होता.

“सरळ उभी राहा बाळ,” मी सवयीने म्हणालो.

ती सरळ झाली. छेद समान केले, पहिली ओळ लिहिली. दुसऱ्या ओळीला तिची कंबर पुन्हा हळूहळू डावीकडे गेली, हात वाकला, आणि ती लिहिता लिहिता जागच्या जागी झुलू लागली. वर्गात कोणी हसलं नाही. मागे बसलेल्या कितीतरी मुली उभ्या राहिल्या की तशाच उभ्या राहत.

उदाहरण तिने बरोबर सोडवलं.